उरलेले थेंब

मी बत्तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "म्हातारी अडाणी होती, तिला काय कळणार" असं म्हणून कोणी मला माफ करायला नको. मला कळत होतं. सगळं नसेल, पण पुरेसं कळत होतं, आणि माझा सगळा संताप त्याचाच आहे.

तुमसरकडच्या करडी गावापासून थोडं पुढे आमचं गाव. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव मला नर्सबाईच म्हणतं. निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली, त्यामुळे माझ्यापुढे कोणी फारसं तोंड उघडत नाही. मला ते आवडायचं. खोटा साधेपणा कशाला दाखवू? सकाळचा चहा व्हायच्या आत ओसरीवर कोणी ना कोणी येऊन बसलेलं असायचं. कोणाचं बीपी, कोणाची साखर, कोणाच्या पोराचा कान फुटलेला. मी बघायचे, आधी झापायचे, मग काय करायचं ते सांगायचे, आणि निघताना माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही आणि डोळ्याच्या औषधाची उघडलेली बाटली महिन्याच्या वर ठेवायची नाही. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन नेमकं तेच करायचे. मी त्यांना मूर्ख म्हणायचे, तेही तोंडावर.

घरात आम्ही चौघं. नवरा जाऊन फार वर्षं झाली. मुलगा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर आहे, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. सून घरची धानाची शेती बघते. ती बारावी शिकलेली आहे आणि मोजकंच बोलते. तिच्या या मोजकं बोलण्याला मी इतकी वर्षं घुमेपणा म्हणत आले. चौथी माझी नात. हे घडलं तेव्हा चार वर्षांची होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून ती माझ्यावर गेली असं सगळे म्हणायचे. डोळे मात्र आईचे, मोठे आणि काळेभोर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपली आणि मला ताप आला. तीन दिवस होता. ताप उतरला तसा खालच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा पुंजका उठला. मला तो तरुणपणापासून उठतो, दर मोठ्या तापानंतर. आमच्याकडे ती चांगली खूण समजतात. ताप अंगातून बाहेर पडला म्हणतात, आणि तूप लावून विसरून जातात. मीही तूप लावलं आणि विसरले.

नात माझ्याजवळ झोपायची. तिला झोपवायची माझी एक रीत होती. एक पापी या पापणीवर, एक त्या पापणीवर, की दुकान बंद. मग तिने डोळे उघडायचे नाहीत. ओठ ठणकत होता त्या दिवसांतही मी ते चुकवलं नाही. तिनेच हट्ट धरला असता, पण तशी वेळ आली नाही. मीच करत होते.

आठवडाभराने पोरगी तापली. एक दिवस किरकिर केली, जेवली नाही, दुसऱ्या दिवशी ताप कमी झाला आणि डावा डोळा लाल झाला. खालच्या पापणीवर तीनचार पाणीदार फोड होते, मोहरीच्या दाण्याएवढे. मी म्हटलं, रांजणवाडी असेल. मग म्हटलं, डोळे आले असतील. कानाच्या पुढे हात फिरवला तर एक गाठ लागली, दुखत होती तिला. चाचपली आणि सोडून दिली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गावभर डोळ्यांची साथ येऊन गेली होती आणि मी ओसरीवर बसून कित्येकांचे डोळे धुतले होते. डोळे आले की दोन्ही येतात, आज एक तर उद्या दुसरा. चिपडं धरतात, सकाळी पापण्या चिकटून बसतात. हिचा एकच डोळा लाल होता आणि त्यातून नुसतं पाणी येत होतं, चिपडाचा पत्ता नव्हता. उजेडाकडे बघायला ती तयार नव्हती. हे सगळं मी बघितलं. दुसऱ्या कोणाची पोर असती तर मी त्याच पावली तिला तुमसरला पिटाळलं असतं.

सून म्हणाली, "आई, तुमसरले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवून आणू का? सकाळच्या बसनं जातो आन् दुपारी येतो वापस."

"कायले?" मी म्हटलं. "मी काय मेली का?"

मी फ्रिजकडे गेले.

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेली थेंबांची बाटली होती. ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. बाटली निम्मी उरली होती आणि चांगल्या औषधाची होती, म्हणून टाकवली नाही. त्यात जंतू मारायचं औषध असतं आणि सोबत स्टेरॉईड असतं, ऑपरेशन केलेल्या डोळ्याची सूज उतरवायला. बाटलीवर तसं छापलेलं होतं आणि मला वाचता येतं. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी ओढली आणि एक थेंब टाकला. दिवसातून चार वेळा.

दोन दिवसांत डोळा पांढरा झाला. लाली गेली, सूज उतरली, पोरगी अंगणात पळायला लागली. मी सुनेला बोलावून दाखवलं. "पाह्य," मी म्हटलं, "बसच्या धुरात पोरीले नेणार होती." सून हसली, बरं वाटलं तिला. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. स्टेरॉईडचं असंच असतं. ते आग विझवत नाही, धूर तेवढा दिसेनासा करतं. हे वाक्य मी प्रशिक्षणात लिहून घेतलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

त्यानंतरच्या दिवशी मला तुमसरला बँकेत जायचं होतं. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे दाखवायला जावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. माझा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, त्यात अख्खा दिवस गेला. इकडे बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतात, कापणीला मजूर लागले होते, म्हणून सून पोरीला सोबत घेऊन गेली. शेताच्या कडेला धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली तिला बसवलं, चिवड्याचा डबा दिला. एवढा एक दिवस.

मी परत आले तेव्हा पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. डावा डोळा गच्च मिटलेला. दिवा लावला तर किंचाळायची. शेजारीण आली होती, तिने विचारलं कुठे होती पोरगी, आणि उत्तर ऐकून म्हणाली, "मंग कुसळ गेलं असन वं, धानाचं. कापणीच्या दिवसात लेकराले बांधीत नेतात का कोणी?"

आमच्या भागात हे इतकं होतं, की कोणालाच नवल वाटलं नाही. दरवर्षी कापणीत, मळणीत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात कुसळ जातं, जखम होते, त्यात बुरशी धरते, आणि डोळा जातो. मी स्वतः असे रोगी पाठवलेत. म्हणून शेजारणीचं ते वाक्य मी वरच्या वर झेललं. "हो, कुसळच," मी म्हटलं. सून म्हणाली, "आई, ते झाडाखाली बसून होती, उठली बी नाही." मी म्हटलं, "वाऱ्यानं उडते कुसळ. तुले दिसते का?"

आणि पुढचे चार दिवस मी तेच थेंब टाकत राहिले. सूज उतरायला.

पाचव्या दिवशी सकाळी उन्हात तिचं तोंड वर केलं, तर डाव्या बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला. याला आमच्यात फूल पडलं म्हणतात. बाटली पर्समध्ये टाकली, सुनेला आणि पोरीला घेतलं आणि सकाळचीच बस पकडली. डॉक्टरला बाटली दाखवायची, असं मी ठरवून निघाले होते. हे खरं आहे. कोणी विश्वास ठेवेल न ठेवेल.

तुमसरचा तो डोळ्यांचा डॉक्टर मला ओळखत होता. पूर्वी आमच्या उपकेंद्रात शिबिराला आला होता, मी त्याला माणसं गोळा करून दिली होती. मला बघून खुर्चीतून अर्धा उठला. "अरे, सिस्टर तुम्ही! नात आहे का तुमची?" मग त्याने पोरीला मशीनपुढे बसवलं, डोळ्यात पिवळी पट्टी टेकवली, निळा दिवा लावून बराच वेळ बघितलं.

"जखम पसरट आहे," तो म्हणाला. "काही लागलं होतं का?"

"कुसळ," मी म्हटलं. सुनेने तोंड उघडायच्या आत.

"शक्य आहे, सीझनच आहे. घरी काही थेंब टाकले? स्टेरॉईडवाले वगैरे? विचारतो आपलं. तुम्ही सिस्टर आहात, तुम्हाला काय सांगायचं."

पर्स माझ्या मांडीवर होती. चेन उघडायला किती वेळ लागतो? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्या "तुम्हाला काय सांगायचं"कडे. बाहेर बाकावर आमच्या शेजारच्या गावचे दोघं बसले होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

"काही नाही सर," मी म्हटलं. "गुलाबपाणी."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरने बुरशीचं औषध लिहून दिलं, तासातासाला टाकायचं. आजही त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. धानाचा भाग, कापणीचे दिवस, कुसळाची साक्ष द्यायला बत्तीस वर्षांची नर्स; कोणीही तेच लिहिलं असतं. सून पोरीला कडेवर घेऊन बसस्टँडवर आली. तिथे तिने विचारलं, "आई, ते गुलाबपाणी होतं?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं.

पोरीला चिप्स घ्यायला ती टपरीकडे वळली तेवढ्यात मी पर्समधली बाटली काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तिथून पुढचे आठ दिवस लिहिताना हात जड होतो. तासातासाला थेंब टाकणं, पोरीचं रडणं, उजेड नको म्हणून खिडक्यांवर गोधड्या. आणि गाव येऊन बघून जायचं. आलेली प्रत्येक बाई आधी पोरीकडे बघायची, मग सुनेकडे, आणि म्हणायची, "काहून नेली वं पोरीले बांधीत? घरी सासू होती, तिच्यापाशी ठेवाले काय झालं होतं?" सासू बँकेत जिवंत असल्याचं दाखवायला गेली होती, हे सुद्धा मी बोलले नाही. एक दिवस मुलगा मिलमधून आला, पोरीचा डोळा बघितला आणि बायकोवर ओरडला. "तुले अक्कल आहे का? चार वर्साच्या लेकराले कापणीत नेते?" ती म्हणाली, "एकच दिवस नेली." तो म्हणाला, "एकच दिवस पुरे झाला."

मी तिथेच बसले होते. तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला, तो बाजूला ठेवला आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागले.

सूनही बोलू शकत होती. थेंब टाकताना तिने मला रोज बघितलं होतं. पण कोणाला सांगणार? नवऱ्याला? नर्सबाईने पोरीचा डोळा घालवला, असं ती बोलली असती तर या गावाने तिलाच वेड्यात काढलं असतं. मी तिला तेवढी जागाच ठेवली नव्हती, आणि तशी सोय मी बत्तीस वर्षांत स्वतःच्या हाताने केली होती.

फूल मोठं झालं. तुमसरच्या डॉक्टरने आपणहून सांगितलं, नागपूरला न्या, माझ्या औषधाने हटत नाहीये. आम्ही चौघंही गेलो. मोठा दवाखाना, मोठी रांग, आणि शेवटी आमच्या वाट्याला आली एक तरुण डॉक्टर, माझ्या मुलापेक्षाही लहान. तिने मशीन नंतर लावलं. आधी कापसाची एक बारीक वात केली आणि तिचं टोक पोरीच्या उजव्या डोळ्याला टेकवलं. पोरीने झटकन पापणी मिटली. मग डाव्या डोळ्याला टेकवलं. पापणी हललीच नाही. पोरगी शांत बसून होती, जणू कोणी हात लावलाच नाही. डॉक्टरने पुन्हा करून बघितलं.

तिने मला सोडून सुनेला विचारलं. "सुरुवात कशी झाली? अगदी पहिल्यापासून सांगा. पापणीवर फोड होते का?"

"होते," सून म्हणाली. "तीनचार. ताप बी होता त्याच्या आधी."

"घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते का त्या सुमारास?"

सुनेने पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "आईच्या आले होते. आन् आईनं थेंब टाकले. फ्रिजमधले. गुलाबपाणी नव्हतं ते."

मुलगा तिच्यावर खेकसला, "काय बोलून राहिली?" डॉक्टर माझ्याकडे बघत होती. मी औषधाचं नाव सांगितलं. किती टक्क्यांचं तेही सांगितलं. किती दिवस, किती वेळा, सगळं. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं माझ्या तोंडातून निघत होतं आणि ती लिहून घेत होती. ती रागावली असती तर मी रडले असते. ती रागावली नाही, तिने फक्त लिहिलं.

मग तिने आम्हाला समजावून सांगितलं. ओठावर उठतात त्याच फोडांचा हा विषाणू, हर्पिस त्याचं नाव. डोळ्यात शिरला की तो बुबुळ बधिर करतो, म्हणून वातीचा स्पर्श पोरीला कळला नव्हता. मोठ्या माणसात तो अंगात मुरून राहतो आणि ताप आला की ओठावर येतो. लहान मुलाला पहिल्यांदा लागतो तेव्हा बहुतेकदा हिरड्या सुजतात, तोंडभर फोड येतात, मूल दोनचार दिवस जेवत नाही आणि बरं होतं. पण दर वेळी तोंडातच येईल असं नाही. अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बोटाला येतो आणि लोक नखुर्डं समजून चिरा देतात. एखाद्याच्या डोळ्यात येतो आणि लोक साथ समजतात. डोळ्यात आला तरी बहुतेक मुलं वेळेवर मलम लावलं तर बरी होतात. स्टेरॉईड टाकलं की विषाणूला रान मोकळं मिळतं. जखम सुरुवातीला झाडाच्या फांदीसारखी दिसते, बघताक्षणी ओळखू येते. स्टेरॉईडने ती पसरते आणि कशासारखीच दिसत नाही. "म्हणून आधीच्या डॉक्टरांना ओळखता आलं नाही," ती म्हणाली. "त्यांना थेंबांचं कळलं असतं तर त्याच दिवशी शंका आली असती."

रोग माझ्या ओठातून गेला, बळ त्याला मी दिलं, आणि तो उघडा पडायची वेळ आली तेव्हा त्याच्यावर पांघरूणही मीच घातलं. एवढं सगळं एकट्या माणसाला जमावं, याची मला अजून कमाल वाटते.

मलम दिवसातून पाच वेळा, पोटात घ्यायचं औषध वेगळं. जखम भरली. फूल राहिलं, बरोबर मधोमध, जिथून बघायचं तिथेच. त्या डोळ्याने पोरीला उजेड आणि हलणारी सावली एवढंच कळतं. मोठी झाल्यावर बुबुळ बदलायचं बघता येईल, पण रोग पुन्हा त्यातही येऊ शकतो, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. मध्ये काही महिने चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आजारी डोळ्याला कामाला लावायचा प्रयत्न झाला. पट्टी लावायचं काम माझ्याकडे होतं. पोरगी हात जोडायची, "आजी, नोको ना वं, अंधार होते." मी लावायचे. डोळ्यात बघून लावायचे. एवढी तरी शिक्षा मला हवी होती.

नागपूरहून आल्यावर मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, ते असं: "जाऊ दे आई. आता डोळा तं वापस येत नाही. बाहेर काही बोलू नोको." बायकोला ओरडलेलं त्याने परत घेतलं नाही. त्याला ते आठवत तरी असेल का, कोण जाणे.

सुनेने मला एकदाच काय ते विचारलं. मी पोरीची वेणी घालत होते, ती समोर येऊन उभी राहिली.

"आई, गावात अजून मलेच म्हणतात. पाण्याले गेली तरी म्हणतात. माह्या मायच्या घरून फोन येते, ते बी तेच म्हणतात. तुमी एक डाव सांगून द्या. मले बाकी काही नोको."

"सांगतो," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण सांगायला मला दोन महिने लागले. आज जीभ वळेल, उद्या वळेल, असं करता करता दोन पौर्णिमा गेल्या. आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला बाया वंदनेला जमतात. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी त्या दोन्ही पौर्णिमांना सगळ्यांच्या बरोबरीने म्हटलं होतं, आणि माझा आवाज चांगला म्हणून, बाकीच्यांनी मागून म्हणावं यासाठी, शीलं सांगायलाही मीच पुढे असते. तिसऱ्या पौर्णिमेला वंदना संपली, बाया उठायला लागल्या, आणि मी म्हटलं, बसा. दोन शब्द बोलायचे आहेत.

सून मागे भिंतीला टेकून बसली होती, पोरगी मांडीवर.

मी उभी राहून बोलले. "माह्या नातीचा डोळा कुसळानं नाही गेला. मी घालवला. माह्या ओठावरच्या फोडानं तिले रोग लागला. मंग मीच फ्रिजमधले जुने थेंब टाकले आन् तो वाढवला. डॉक्टरनं विचारलं तवा मी खोटी बोलली. सुनेची काही चुकी नाही. ते तं पयल्याच दिवशी म्हणत होती का डॉक्टरले दाखवू. मीच जाऊ नाही देल्लं."

मी तयारी करून आले होते. कोणी उठून जाईल, कोणी तोंडावर बोलेल, उद्यापासून ओसरीवर कोणी येणार नाही, हे सगळं मी मनात चालवून बघितलं होतं. विहारात कोणी हललं नाही. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. तिची चारही बाळंतपणं मी केलेली.

"पाहा वं," ती बाकीच्यांना म्हणाली, "नर्सबाईचं मन पाहा. सुनेची चुकी आपल्या डोक्यावर घेऊन राहिली."

"नाही तं कोण घेते आजकाल," दुसरी म्हणाली.

"अवं, मी खरं सांगून राहिली!" माझा आवाज चढला. "मीच टाकले थेंब. इचारा सुनेले!"

"हो बाई, हो," म्हातारी मला समजावायला लागली, तापात बडबडणाऱ्याला समजावतात त्या सुरात. "तुमी कायले चुकीचं औषध टाकान? तुमाले काय आज ओळखतो आमी?" आणि ती मागे वळून सुनेला म्हणाली, "नशीबवान हायेस पोरी. दुसरी सासू असती तं हाकलून देल्लं असतं तुले. ये, पाया पड तिच्या."

सगळ्या बाया सुनेकडे बघत होत्या. ती उठली. त्या नजरांसमोर तिला दुसरं काय करता येणार होतं? पोरीला हाताशी धरून चालत पुढे आली, वाकली, माझ्या पायांना हात लावला. उठताना तिचं तोंड माझ्या कानाजवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुमी सुटल्या, आई."

"तू बी पड वं आजीच्या पाया," म्हातारीने पोरीला पुढे ढकललं.

पोरगी वाकली. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. तिचा हात माझ्या पायाच्या वीतभर अलीकडे फरशीवर टेकला. तिला वाटलं, तिथेच पाय आहे. तिने फरशीला हात लावून तो कपाळाला लावला आणि शहाण्यासारखी उभी राहिली. बाया कौतुकाने हसल्या, कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. सून मात्र त्या फरशीकडे बघत होती.